उलट्या पायांची अक्षरं

अंगणात तांब्या घरंगळला. सकाळच्या सामसूम घरात तो आवाज केवढा तरी वाटला.

अपेक्षा ओट्यावरचा लॅपटॉप तसाच सोडून धावली. सासू, शालूबाई, तुळशीला पाणी घालून वळल्या होत्या आणि दाराकडं बघत खिळल्या होत्या. दारावर कोळशानं लिहिलं होतं : म्हातारे, जा.

"परत लिहून गेलं बघ ते भूत," शालूबाई म्हणाल्या.

"काय न्हाई आत्या, टवाळ पोरं असतील." अपेक्षानं ओलं फडकं घेऊन घाईघाईनं दार पुसायला घेतलं. "लोकं बघायच्या आत जाऊ दे हे."

"पोरं न्हाईत गं. मी नको हाय ह्या घरात कुणाला तरी."

"आवं, असं काय बोलताय? मी हाय की."

उंब्रजच्या त्या दोन खोल्यांत शालूबाईंची पाळी दिवाळीलाच संपली होती. सहा महिने धाकट्याकडं, सहा महिने थोरल्याकडं, असं ठरलेलं. सांगलीचा थोरला, दिग्विजय, फोनवर नुसतं "बघतो" म्हणायचा. शालूबाईंचाही पाय निघत नव्हता. नात शिवांजली त्यांच्याच कुशीत झोपायची. धाकटा यशराज बायकोला एकच सांगायचा, "आई आपणहून जाते म्हणाली तरच."

बाहेरची खोली सासूची. म्हणून अपेक्षा गॅसशेजारी बसून अक्षरं काढायची. भुतांची, पण हसरी. तिचा 'ड' जीभ दाखवायचा, 'थ' डोळे वटारायचा. कराडच्या प्रदर्शनातला भूतबंगला, चिप्सची पाकिटं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळीकडं तीच अक्षरं. आता पुण्याच्या एका प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी सगळी मुळाक्षरं हवी होती. फोडणीच्या धुरात आणि "सूनबाई, जरा इकडं ये"च्या मधे ती काही पुरी होत नव्हती.

परवा शिवांजलीच म्हणाली होती, "मम्मी, भूत हाय तर पाय उलटे पायजेत की."

अपेक्षानं लेकीचा पापा घेतला आणि प्रत्येक अक्षराला खाली एक इवलंसं पाऊल काढलं, टाच पुढं. "कुणाला दाखवायचं न्हाई हं. पप्पांनापण न्हाई. आधी पुस्तकात."

दुपारी शालूबाईंनी पिशवी भरली. "यशा, मला दिग्याकडं सोड."

"आत्या, नका ना जाऊ." अपेक्षाचे डोळे भरून आले.

"न्हाई बाय. माझ्यापायी ह्या पोरीला काय बाधलं तर?"

यशराजनं स्टँडवर जायला रिक्षा आणली. अपेक्षानं चपात्या नि लसणाची चटणी बांधून दिली, वाकून नमस्कार केला. शालूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"शिवे, आजीला टाटा कर."

शिवांजली उठलीच नाही. दाराशी उकिडवी बसून ती फडक्यातून सुटलेल्या, अक्षराखालच्या कोळशाच्या इवल्याशा रेघेवर बोट फिरवत होती.

"मम्मी, आपण कुणालाच दाखवलं नव्हतं ना? मग आजीच्या भुताला आपले उलटे पाय कुणी दिले?"