मंजुरी

किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचे प्रमुख, सगळ्यांचे काका, यंदाही पायऱ्या झिजवत नगरपालिकेच्या सभागृहात पोचले. मागणी जुनीच होती. बंद पडलेल्या होडीला नवं इंजिन हवं होतं आणि उन्हाळ्याच्या गर्दीपुरती आणखी दोन माणसं.

"गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे किती जण बुडाले?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब." काकांची मान जरा ताठ झाली. "बुडत होते पुष्कळ. आम्ही ओढून काढले."

"मग झालं तर! आहे त्यात उत्तम चाललंय की. उगाच पैसा पाण्यात कशाला घालायचा?"

सभागृहात हशा पिकला आणि पुढचा विषय पुकारला गेला.

काका बाहेर येऊन बाकावर टेकले. गुडघे ठणकत होते. तेवढ्यात एका बाईला सोबत घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावरची जीवरक्षक आत गेली. तिला पोहायला काकांनीच शिकवलं होतं. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती इंजिन, माणसं, टेहळणीचा मनोरा, सगळं मंजूर करून घेऊनच.

"शाब्बास, पोरी!" एवढ्या थकव्यातही काकांना हसू आलं. "माझा तर दरवर्षी बोलून बोलून घसा बसतो. तू असं काय बोललीस गं?"

तिने मान खाली घातली.



"मी कुठे बोलले, काका? गेल्या महिन्यात आमच्याकडे जो मुलगा बुडाला, त्याची आई बोलली."