आवाज येईपर्यंत

पडद्यावर अंजली मॅडमचे ओठ हलत होते आणि खोलीत ऐकू येत होती फक्त पंख्याची घरघर.

तेजलनं आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. काही नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली बसली होती. रात्री लॅपटॉपनं आपलं आपण अपडेट घेतलं होतं, त्यात आवाजाचा ड्रायव्हर बिघडला असणार. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यामधला दुभाष्या. तोच पळाला होता. स्पीकर धडधाकट असून मुका बसला होता.

"मॅडम, मला तुमचा आवाज येत नाहीये. माझा येतोय का?"

वेबकॅमचा माइक वेगळा होता, तो चालू होता. मॅडमनी मान हलवली, काहीतरी बोलल्या आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

विज्ञान केंद्रात मुलांना प्रयोग करून दाखवायच्या नोकरीची ही ऑनलाइन मुलाखत होती. फिजिक्सची पदवी घेतल्यापासून तेजल अशाच कामाच्या शोधात होती. मुलाखतीचे नियम मात्र कडक होते. चॅट बंद. एकदा बाहेर पडलं की परत प्रवेश नाही. म्हणजे लॅपटॉप रिस्टार्ट करायची सोय नाही आणि फोनवरून जोडायचीही नाही. काय करायचं ते मुलाखत चालू ठेवूनच.

तिनं डिव्हाइस मॅनेजर उघडला. ऑडिओच्या ओळीवर पिवळा त्रिकोण. जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण फिकट पडलेलं, दाबलं जाईना.

"पाच मिनिटं थांबतो म्हणतायत. मग पुढच्याला घेणार," मागून कुणीतरी म्हणालं.

भिमाजी, म्हणजे तिचे पप्पा, खिडकीपाशी चहा घेत बसले होते. एकलहऱ्याला वीजकेंद्रात टर्बाइनवर नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस घरात तिरसट म्हणून प्रसिद्ध होता. फोन आला की तो बायकोच्या हातात द्यायचा. संध्याकाळी लाइट गेली की गप्प. काही विचारा, उत्तर नाही. "जन्मभर गावाला लाइट दिली आणि घरातली गेली की तोंडाला कुलूप!" आई दर वेळी म्हणायची.

"पप्पा, तुम्हाला कसं कळलं?" तेजलनं मागे वळून विचारलं.

"टर्बाइनपाशी कानात बोळे घालूनच उभं राहायचं. तिथं कोण कुणाचं ऐकतंय? समोरच्याचं तोंड बघायचं. तू तुझं काम कर."

तेजलनं कॅमेऱ्याकडे पाहून खरं ते सांगून टाकलं. "मॅडम, माझे वडील तुमचे ओठ वाचतायत. चालेल का?"

मॅडम शेजारच्या परीक्षकांकडे वळल्या, काही बोलल्या, हसल्या. मग जबडा भरपूर उघडून एकेक अक्षर बोलू लागल्या.

भिमाजींनी हात वर केला. "असं नका बोलू मॅडम. एवढं तोंड वासलं की काय बी कळत नाय. रोजच्यासारखं बोला. आणि ते पेन तोंडापुढून काढा."

मॅडमनी मुकाट्यानं पेन खाली ठेवलं.

"माठ म्हणाल्या का पाठ," भिमाजी पुटपुटले. "ओठांवर दोन्ही सारखंच. पुढं पाणी आलं, म्हणजे माठच. हां, माठातलं पाणी गार का होतं ते सांग."

तेजल सांगू लागली. बोलता बोलता तिनं बिघडलेला ड्रायव्हर काढून टाकला. अंघोळीनंतर पंख्याखाली अंगावर काटा येतो, तसंच माठाचं असतं, असं ती सांगत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पप्पांकडे बघत होती. ओठांवर निम्मे उच्चार दिसतच नाहीत, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. मग उरलेले निम्मे हा माणूस आणत कुठून होता? डोळे पडद्यावर खिळलेले, कप हातात तसाच, चहावर साय धरलेली. मॅडम मध्येच हसल्या की तेही हसत. परीक्षकांपैकी कुणी बाजूला मान वळवून बोललं की म्हणत, "आता ते आपसात बोलतायत, आपल्याला नाय." तेजलला वाटलं, शिक्षण आपण घेतलं आणि दुर्बीण यांच्याकडे आहे.

लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेल्या साध्या ड्रायव्हरची यादी तिनं उघडली. एक निवडला. पडदा क्षणभर लुकलुकला. लाल फुली गेली.

"कुकरची शिट्टी..."

मॅडमचा आवाज खोलीत दणाणला. पट्टी अजून शेवटपर्यंत ओढलेलीच होती. आई दचकून स्वयंपाकघरातून दारात आली.

"आला!" म्हणायला तेजल मागे वळली आणि थांबली. भिमाजी मॅडमच्या आवाजावरच बोलत होते, अर्धा शब्द मागून, पापणीही न हलवता. "कुकरची शिट्टी झाल्यावर... गॅस बंद केला तरी... लगेच झाकण का उघडायचं नाय, ते पाचवीतल्या पोराला सांगा." मग तिच्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं? नाय का आला अजून आवाज?"

आईनं तेजलकडे पाहिलं. तेजलनं आईकडे.

"पप्पा," तेजल खुर्चीसकट त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगत राहा."

पुढचा प्रत्येक प्रश्न तिनं दोनदा ऐकला. पप्पांचं बोलून होईपर्यंत ती थांबायची, मगच उत्तर द्यायची. मॅडमनी पुन्हा घड्याळावर बोट ठेवलं नाही.

संध्याकाळी निवड झाल्याचा मेल आला आणि नेमकी लाइट गेली. भिमाजी नेहमीसारखे गप्प झाले. आज आई काही बोलली नाही. तेजल चाचपडत त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. सांगायचं ते सांगण्याआधी तिनं मोबाइलची बॅटरी लावली आणि तिचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला.