पूर्णेकाठची डाळ

जमुना चुलीपुढं बसली होती, पण तिचं चुलीत लक्ष नव्हतं. असं बसतात का? जाळ एकीकडं, बाई दुसरीकडं अन् डोळे तिसरीकडंच. तानुबाईनं दोनदा खाकरून पाहिलं. सून हलली नाही. तिवशाहून बैलगाडी निघाली तेव्हापासून तिचं हे असंच चाललं होतं. विचारलं तर ऐकू जायचं नाही, ऐकू गेलं तर नुसतं हसायची.

"काहून वं, डाळ शिजवून राहिली का ते गाव शिजवून राहिली?" तानुबाईनं गाडीच्या सावलीतून विचारलं.

समोर पूर्णेकाठची काळी जमीन पार आभाळाला टेकेपर्यंत पसरली होती. फाल्गुनातलं ऊन तिच्यावर थरथरत होतं आणि दूरवर पाणीच पाणी दिसत होतं. ते पाणी खोटं होतं. त्या खोट्या पाण्यात एक गाव तरंगत होतं. दोन निंब, देवळाचा कळस, बुडाशी काहीच नाही. ते जमुनेचं माहेर. तिथं तिची विधवा माय एकटी राहत होती, आणि गेल्या पावसाळ्यात तिचे डोळे गेले होते.

जमुनेचं लग्न तिवशालाच लागलं होतं, म्हणून तानुबाईनं हा मुलूख कधी पाहिला नव्हता. आता पाहायची वेळ आली होती. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली होती, आणि तिच्यापायी वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता. गाड्या इतक्या भरून जायच्या की वाटेतल्या प्रत्येक बाभळीवर कापूस अडकला होता. तानुबाईच्या धाकट्याला, जमुनेच्या नवऱ्याला, सूर्यभानाला ती फुलंच वाटत होती. तिवशाची जमीन भावाभावांत वाटून त्याच्या वाट्याला ओंजळभर उरली होती. इकडं सरकार पडीत जमीन कसायला देत होतं. पण बिऱ्हाड इथं हलवायचं की नाही, हे काही सरकार ठरवणार नव्हतं. ते तानुबाई ठरवणार होती.

तिची रीत ठरलेली होती. नव्या मुलखाचं पाणी चुलीवर चढल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. तीन दगड मांडायचे, तिथल्याच विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवायची आणि घरातल्या थोरलीनं पहिला घास घ्यायचा. बैलांची वैरण संपायच्या आत डाळ शिजली तर त्या जागी लेकरं वाढतात. नाही शिजली तर गाडी फिरवायची. दोन ठिकाणांहून तिनं अशीच गाडी फिरवली होती, आणि सूर्यभान तोंड पाडून मागं बसला होता.

आता तो शेतात गुडघे टेकून बसला होता. ढेकूळ फोडत होता, हुंगत होता, कपाळाला लावत होता.

"माय, पुरुषभर खोल माती आहे!" तो ओरडला. "इथं कापूस पेरावा नाही लागनार, नुसता सांगावा लागीन!"

"सांग मंग. मी डाळीले इचारते."

बैलांपुढं अजून वैरण होती, तेवढ्यात जमुनेनं मडकं उतरवलं. पळसाच्या पानावर भाकर ठेवली, तिच्यावर डाळ वाढली. डाळ लोण्यासारखी झाली होती. सूर्यभान धावत आला आणि मातीचे हात तसेच घेऊन उभा राहिला. जमुना पदराचं टोक पिळत होती.

तानुबाईनं घास घेतला. चावायचं काही कामच नव्हतं. मीठही अगदी बेताचं.

मीठ? मिठाची पुरचुंडी तर तानुबाईच्याच कनवटीला होती. कोणी मागितलीच नव्हती.

दुसरा घास तिनं सावकाश घोळवला. म्हणजे पाणीच खारं होतं. असल्या पाण्यात तूर दिवसभर रटरटली तरी खड्यासारखी राहते. ही अशी मऊ पडली, म्हणजे पोरीनं गुपचूप पापडखाराची चिमूट सोडली होती. आणि नेमकी सोडली होती. जरा जास्त पडती तर घास थुंकावा लागला असता.

सासूचं तोंड चालता चालता थांबलेलं जमुनेनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"माय, बोल ना वं," सूर्यभान म्हणाला. "कशी झाली डाळ?"

तानुबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. कुठून तरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, झोपेत ऐकू याव्यात तशा. मग ती सुनेकडं वळली.

"तुह्या मायले डाळ कोन शिजवून देते वं आता?"

जमुनेनं एकदा त्या तरंगत्या गावाकडं पाहिलं. "कोनी नाही, आत्याबाई. तिची तीच शिजवते. पन खाराचा अंदाज येत नाही तिले आता. चाचपून टाकते, अन् जास्तच पडते. मंग कडूच खाते."

"खार? कोनता खार?" सूर्यभान म्हणाला.

जमुनेनं मान खाली घातली. आता गाडी फिरणार, हे तिला कळून चुकलं होतं.

तानुबाईनं पानावरची डाळ बोटांनी पुसून खाल्ली. गाडीच्या चाकाला धरून ती उठली, आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "जमुने, हे पानी लबाड अन् तूबी लबाड. तुमचं जमते! इथंच राहू. अन् जाय, तुह्या मायले घेऊन ये. लेकीच्या घरचं खात नाही म्हनीन ती. तिले सांगजो, हे घर लेकीचं नाही, तानुबाईचं आहे."