सुताराचा उलटा लॅपटॉप

मेव्हण्याने मोठ्या रुबाबात सुताराच्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि तेव्हापासून स्क्रीन दुमडून हातात धरली की चित्र डोक्यावर उभं राहू लागलं. "भावोजी, सेन्सरची दिशा चुकतेय, प्रोग्रामच्या दोन ओळी बदलल्या की झालं," असं म्हणत तो सकाळपासून ओळीच बदलत होता. तेवढ्यात अख्ख्या घराच्या फर्निचरचं काम घेऊन एक बाई आल्या. हे काम हातचं गेलं असतं तर दुकानाला टाळंच लागणार होतं. सुताराने तसाच उलट्या चित्राचा लॅपटॉप टेबलावर आडवा ठेवला आणि मनातल्या मनात मेव्हण्याचा उद्धार करत, स्वतःची मान वाकडी करून समोर बसलेल्या बाईंना कपाटाचं डिझाइन समजावलं.

बाई खूश! "बाकीचे सुतार चित्र स्वतःकडे ठेवतात आणि माना आम्हाला मोडायला लावतात. तुम्ही आमच्या बाजूने सुलटं ठेवलंत. काम तुमचंच. उद्या आमच्या सासूबाईंनाही अस्संच दाखवा."

"आमची पद्धतच आहे तशी," सुतार छाती फुगवून म्हणाला.

बाई पायरी उतरल्या, मेव्हण्याने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला आणि थोड्याच वेळात आनंदाने ओरडला, "भावोजी, जमलं! आता तुम्हाला सुलटं दिसणार!"


"गाढवा, होतं तसं कर आधी!"