चाकोरीतला दगड

पुण्याच्या संशोधकांचं पत्र येऊन सहा महिने झाले होते. उद्धवमास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात मागणी साधी होती. तुम्ही पाठवलेली गारगोटीची पाती आदिमानवाच्या हत्यारांसारखी दिसतात. नेमकी कुठं सापडली ते कळवा, म्हणजे तुमच्या नावानं नोंद छापता येईल.

आपलं नाव छापून येणार, हे मास्तरांना रोज आठवायचं. ती पाती चुडाव्याच्या गाडीवाटेवर सापडली होती, हेही रोज आठवायचं.

त्या सकाळी त्यांनी नदीतली एक अखंड गारगोटी आणून चाकोरीत ठेवली आणि बाभळीआड उभे राहिले.

कडब्यानं भरलेली आश्रुबाची गाडी आली. दगड पाहून त्यानं कासरा ओढला. कडब्यावर बसलेल्या त्याच्या आईला, धुरपताबाईंना, बाभळीमागचं धोतर दिसलं.

"मास्तर, भाईर या! वाटंत काय ठेवायलाव?"

"दगड. नुसता दगड आहे."

"नुसता दगड कुणी आसा नेमून ठेवतंय व्हय? लिंबू कुठं लपवलाव? मागं वाटंतलं लिंबू वलांडलं तवापून आमचा बैल नीट खात न्हाई. ह्येच्यावरून गाडी जायची न्हाई."

मास्तर चाचरले. "चाकाच्या लोखंडी धावेखाली तो कसा फुटतो, ते बघायचंय. माझ्याजवळचे दगड जुन्या माणसांनी घडवलेत की गाड्यांनी फोडलेत, तेच मला कळेना."

"पेन्शनीत गोट्या खेळायलेत मास्तर," आश्रुबा हसला. आई हसली नाही.

"मंग वर या. तुमीबी गाडीत बसा. काय व्हायचं ते तुमच्यासगट व्हईल."

मास्तर धडपडत कडब्यावर चढले. ऐन वेळी उडी मारतील म्हणून धुरपताबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं. गाडी हलली. चाकाखाली कट्ट झालं.

खाली उतरून मास्तरांनी धुळीतला तुकडा उचलला. खिशातल्या रुमालातून स्वतःजवळ ठेवलेलं एक पातं काढलं. माणसानं घडवलेल्या पात्याला घाव बसतो त्याच्या खाली फुगवटा दिसला पाहिजे, असं संशोधकांनी पत्रात लिहिलं होतं. फुगवटा दोन्हींना होता. धार दोन्हींना होती. नव्या तुकड्यावरची धूळ त्यांनी धोतराला पुसली, डोळे मिटले, दोन्ही दगड ओंजळीत घोळवले आणि पुन्हा पाहिलं.

कुठला कोणता, ते सांगता येईना.

"घावलं का काय?" वरून धुरपताबाईंनी विचारलं.

"घावलं."

"मंग तोंड का आसं उतरलंय?"

दुपारी मास्तर स्टेशनाजवळच्या टपालपेटीपाशी आले. कार्डावर तीनच ओळी होत्या. पाती गाडीवाटेवर मिळाली. आज तसलंच एक चाकाखाली तयार झालेलं पाहिलं. नोंद छापू नये. कार्ड अर्धं आत गेल्यावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ते सोडून दिलं.

वळले तर मागं धुरपताबाई. हातात लेकीला धाडायला कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड.

"आता ह्येच्यात काय टाकलाव?"

"उत्तर."

धुरपताबाईंनी पेटीच्या फटीत वाकून पाहिलं. मग आपलं कार्ड पदराखाली घेतलं, पेटीला वळसा घातला आणि टपालकचेरीच्या खिडकीतून थेट टपालबाबूच्या हातात दिलं.