डाव्या कानावरील जाई

सुज्ञ वाचकहो, एका प्रेमिकाच्या पुष्पभाषेची कशी परवड झाली, ते येथे यथामती निवेदन करीत आहे.

ट्युनिशियातील आमच्या नाबेल गावी उन्हाळ्याच्या सायंकाळी पुरुष कानावर जाईच्या कळ्यांचा गुच्छ खोवतात. डाव्या कानावर असल्यास मन मोकळे, उजव्या कानावर असल्यास ते कुणास तरी दिलेले, हे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. झुहैर हा तरुण संपूर्ण उन्हाळा डाव्या कानावर जाई मिरवीत लुबनाच्या पार्लरवरून जात राहिला; परंतु केस विंचरणाऱ्या लुबनाने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

"अरे गाढवा, फुलाला कशाला बोलायला लावतोस? तुला तोंड नाही का?" असे त्याचा मित्र हातेम त्यास नित्य टोची.

अखेरीस लुबनाचा साखरपुडा ठरल्याची वार्ता आली आणि झुहैर तडक तिच्या पार्लरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अख्ख्या गल्लीला दिसलं, लुबना! तुलाच तेवढं दिसलं नाही?"

"न दिसायला काय झालं, झुहैर? रोज वाट बघायचे मी तुझी. पण दुसरीला मन देऊन बसलास, तर माझ्या दारावरून कशाला मिरवायचं?"

 

हे बोलतानाही तिची पाठ दाराकडेच होती. ती समोरच्या आरशातील झुहैरकडे पाहत होती, आणि तेथे जाई उजव्या कानावर होती.

 

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.
आपला नम्र,
गंगाधर सखाराम भोईर, मुक्काम नाबेल