लांब पल्ल्याची लेन्स

चौकशी अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि तलावावरच्या जीवरक्षकाला विचारलं, फोटोतले तुम्हीच ना. तो हो म्हणाला.

फोटोत तो काठावर उभा राहून कुणाशी तरी हसत होता. त्याच्या खांद्यामागे, हात मागे केला तर लागेल इतक्या जवळ, पाण्यातून एक लहानसा हात वर आला होता. नऊ वर्षांची ती मुलगी वाचली नव्हती. तिचे वडील भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते. आल्यापासून ते जीवरक्षकाकडे अशा नजरेने बघत होते, की शिपायाला मुद्दाम दोघांच्या मध्ये उभं केलं होतं.

पाण्याकडे पाठ केली ही चूक आपलीच, असं जीवरक्षकाने कबूल केलं. पण मुलगी त्याच्या खांद्यामागे नव्हती, नव्वद पावलं लांब होती. काठाकाठाने चालत जाऊन त्याने दोनदा मोजलं होतं.

"म्हणजे माझा फोटो खोटा?" समोर बसलेल्या फोटोग्राफरने विचारलं.

"खोटा नाही. तुम्ही पुलावर होतात आणि लेन्स ही एवढी."

अंगाशी आलं की माणसं काचेलाही दोष देतात, असं फोटोग्राफर अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाला. अधिकाऱ्यांनी लेन्स लावायला सांगितली. त्याने ती रागारागाने लावली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिडकीतून बघितलं. फाटक आणि त्यामागची पाण्याची टाकी एकमेकांना चिकटून उभी होती. कॅमेरा खाली केला, तर दोन्हींच्या मध्ये अख्खं मैदान पडलेलं.

लांबून अशा लेन्सने काढलं की पुढचं-मागचं एकत्र येतंच, फोटोग्राफर म्हणाला. धंद्यातल्या कुणालाही विचारा. फोटोखालचा मजकूर वर्तमानपत्राच्या कचेरीतल्यांनी लिहिला, त्याच्याशी आपला संबंध नाही.

अधिकारी ते लिहून घेत होते. तेवढ्यात मुलीचे वडील पहिल्यांदाच बोलले.

"माझी पोर तुम्हाला दिसत होती?"

ती खेळतेय असं वाटलं, फोटोग्राफर म्हणाला. एवढ्या लांबून काय कळणार.

"त्यातून जवळ दिसतं, आत्ताच दाखवलंत."

जीवरक्षक मान खाली घालून होता, त्याने ती वर केली नाही. त्या वेळी एकूण किती फोटो काढलेत, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. फोटोग्राफर आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, सतरा.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. वडील उठले, शिपायाला ओलांडून टेबलापाशी आले आणि त्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं.

"बाकीचे सोळा दाखवा," ते म्हणाले. "काढलेत त्याच क्रमाने."